दोन घटकांचं बुरशीनाशक, माल्टच्या बार्लीवर दोन हंगाम: पानाला घ्या, ओंबीला नको

पाचापैकी साडेतीन तारे. दीड तारा कुठे कापला ते सांगायचं तर दोन्ही हंगाम सांगावे लागतील. ज्यांना नुसते तारे बघायचे होते त्यांनी इथूनच मागे फिरलं तरी चालेल.

औषध म्हणजे प्रोथिओकोनॅझोल आणि ट्रायफ्लॉक्सिस्ट्रोबिन यांचं तयार मिश्रण. डब्यावरचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हेच दोन घटक निरनिराळ्या नावांनी विकले जातात आणि माझं बोलणं आतल्या मालाबद्दल आहे.

मी बार्ली लावतो ती माल्टसाठी, दोन ओळींच्या ओंबीची. हे आधी सांगायला हवं, कारण या औषधाबद्दल बाकी लोक जे लिहितात ते बहुतेक जनावरांच्या बार्लीबद्दल असतं. "एकरी उतारा वाढला, शेत हिरवंगार" एवढ्यावर त्यांचे पाच तारे पडतात. माल्टवाल्याला हिरव्या शेताशी देणंघेणं नसतं. त्याला दाणा जिवंत हवा असतो, कारण तो दाणा भिजवून, मोड आणून, मग वाळवणार असतो. शंभरातले पाचपेक्षा जास्त दाणे उगवले नाहीत तर तो नाक मुरडतो. मग प्रथिनं बघतो, अडीच मिलिमीटरच्या चाळणीवर किती दाणा राहतो ते बघतो, आणि शेवटी डॉन. डॉन म्हणजे डीऑक्सिनिव्हॅलेनॉल, फ्युसॅरियम बुरशीचं विष. उतारा कितीही येवो, या चारांतला एक आकडा बिघडला की तोच माल जनावरांच्या भावाने जातो. माझे तारे या चार आकड्यांवर आहेत.

आधी डब्याबद्दल, कारण पहिला अर्धा तारा तिथेच गेला. दाट, दुधट द्रव आहे आणि तळाशी साका धरतो. गोदामात उभा राहिलेला डबा न हलवता ओतला तर पहिल्या टाकीत पातळ माल जातो आणि शेवटच्या टाकीत साका. डब्यावर "वापरण्यापूर्वी चांगला हलवा" असं लिहिलंय खरं, पण पाच लिटरचा काठोकाठ भरलेला डबा हलवून बघा एकदा. आत हलायला जागाच नसते. मी हल्ली डबा आदल्या रात्री आडवा ठेवतो, सकाळी दोनदा उलटासुलटा करतो, मगच सील फोडतो. सीलची चकती इतकी घट्ट बसवलेली की हातमोजे घालून निघत नाही, आणि हातमोजे काढायचे नाहीत असं तेच लेबल सांगतं. आता चिमटा जवळ ठेवतो. टाकीत अर्धं पाणी, ढवळणी चालू, मग औषध, मग उरलेलं पाणी. डबा तीनदा विसळून ते पाणी टाकीतच. या क्रमाने गेलात तर फेस फारसा येत नाही आणि जाळ्या तुंबत नाहीत.

आता पहिला हंगाम. तो माझ्याच चुकांचा होता.

आमच्याकडे मुख्य दुखणं जाळीचा करपा, म्हणजे नेट ब्लॉच. पानावर तपकिरी रेघा उभ्या-आडव्या जातात आणि विणल्यासारखी बारीक जाळी दिसते. त्याचाच एक भाऊ नुसते लांबट ठिपके काढतो, जाळी काढत नाही. दोन्ही मागच्या पिकाच्या धसकटांवर तग धरतात. बार्लीवर बार्ली घेतली की नवीन रोपांना पहिल्या पावसातच प्रसाद मिळतो. मी शेताच्या एका भागात ते केलं होतं. वर पहिली फवारणी कॅलेंडर बघून केली: पेरणीपासून दिवस मोजले आणि मारलं. त्या वर्षी ऊब लवकर आली, पीक माझ्या कॅलेंडरच्या पुढे पळालं. मी पंप जोडला तेव्हा खालची तीन पानं तपकिरी झाली होती.

तपकिरी झालेलं पान कुठलंही औषध हिरवं करत नाही. प्रोथिओकोनॅझोल पानात शिरतं आणि नुकत्याच शिरलेल्या बुरशीला काही दिवस मागे जाऊन गाठतं, पण डाग दिसायला लागला म्हणजे ती मुदत संपलेली असते. दुसरा घटक, ट्रायफ्लॉक्सिस्ट्रोबिन, हा स्ट्रोबिल्युरिन गटातला. तो तर मुळात पहारेकरी आहे, बीजाणू रुजण्याआधी त्याने दारात असायला हवं. (जाता जाता: या गटाची मूळ कल्पना एका बुरशीचीच. पाइनच्या पडलेल्या शंकूंवर उगवणारी एक इवली अळंबी इतर बुरशींना हुसकावायला असलं रसायन सोडते. ते 1977 मध्ये वेगळं काढलं गेलं आणि 1990च्या दशकात त्याचे कारखान्यात घडवलेले भाऊबंद बाजारात आले. काट्याने काटा काढण्याचा याहून सरळ नमुना मला माहीत नाही.)

तर पहिल्या वर्षी मी उशिरा मारलं आणि औषधाला शिव्या दिल्या. त्या शिव्या मागे घेतो.

गव्हाच्या सवयीने बार्लीकडे बघणारे सगळे इथे फसतात. गव्हात शेवटचं ध्वजपान राजा, ते वाचवलं की बरंच वाचतं. बार्लीत ध्वजपान छोटंसं असतं. दाणा भरतो तो त्याच्या खालच्या पानावर, देठाच्या आवरणावर आणि कुसळांवर. शिवाय उतारा ठरतो किती फुटवे टिकले आणि ओंबीत किती दाणे बसले यावर, आणि तो हिशोब लवकर संपतो. म्हणून बार्लीला पहिली फवारणी महत्त्वाची. ती चुकली तर दुसरी कितीही छान मारा, गेलेले फुटवे परत येत नाहीत.

दुसऱ्या हंगामात कॅलेंडर भिंतीवरच ठेवलं. शेतात तिरपं चालत जाऊन मुख्य धाटं उपटली, मुळं कापली आणि धारदार पात्याने धाट खालपासून वर उभं चिरलं. आतून ते ओलसर, फिकट हिरवं आणि नळीसारखं पोकळ दिसतं. मध्येच एक पांढरट पडदा आडवा येतो, ते पेर. हे पहिलं पेर बुडापासून सेंटीमीटरभर वर सरकलेलं असलं आणि त्याच्यापुढचं अजून त्याला चिकटल्यासारखं असलं, म्हणजे धान्यपिकांच्या वाढीच्या टप्प्यांना क्रमांक देणाऱ्या झेडॉक्सच्या 1974 सालच्या मोजणीतला 31वा टप्पा. नुसतं बोटाने चाचपून कळतं असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. बोटाला फुगवटा लागतो, अंतर लागत नाही. दहा धाटांपैकी सहा-सात जणी हा टप्पा दाखवायला लागल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी वारा पडला आणि आम्ही मारलं. डाग तेव्हा अगदी खालच्या पानांवर तुरळक होते.

शेताच्या मधोमध फवारणीच्या दांडीएवढा एक पट्टा कोरा सोडला. धाकट्याला ते पटेना. "दादा, मुद्दाम रोग वाढवायचा?" म्हणाला. पण कोरा पट्टा नसेल तर औषधाबद्दल बोलायला तोंड कुठलं? न मारताही पीक तसंच राहिलं असतं का, हे कशावरून सांगणार?

दुसरी फवारणी ध्वजपान पूर्ण उघडल्यावर आणि पोटरीतून कुसळांची टोकं दिसायला लागली तेव्हा, त्याच औषधाची. स्ट्रोबिल्युरिन हंगामात दोनदाच, आणि तेही दुसऱ्या गटाच्या जोडीने. याहून जास्त नाही. याला कारण आहे. जाळीच्या करप्यात या गटाला अर्धवट दाद न देणारा एफ129एल हा जनुकीय बदल आढळलाय. बार्लीच्या भुरीत जी143ए नावाचा बदल आहे आणि तो आला की गट पुरता निकामी. तिथे मात्रा वाढवून काही होत नाही.

निकाल कोऱ्या पट्ट्यानेच दिला. निसवल्यानंतर पंधरा दिवसांनी बांधावर उभं राहिलं की पट्टा लांबूनही ओळखू यायचा, गवताच्या वाळल्या पायवाटेसारखा. करपा आणि स्काल्ड या पानाच्याच दुसऱ्या बुरशीच्या रोगाचे करड्या पोटाचे, काळसर काठाचे डाग, दोन्ही तिथे होते. फवारलेल्या भागात ध्वजपानाच्या खालचं पान तोडून बघितलं तर डाग शोधावे लागत होते. तांबेऱ्याची नारिंगी पूड कोऱ्या पट्ट्यात बोटाला लागली, बाकीकडे नाही. मळणीनंतर दोन्हीकडचा दाणा वेगळा चाळला. कोऱ्या पट्ट्यातला अडीचच्या चाळणीखाली पडलेला ढीग बघून धाकटा काही बोलला नाही. प्रथिनंही त्याच दाण्यात जास्त निघाली. पान लवकर गेलं की पिष्ट भरायचं थांबतं, दाणा बारीक राहतो आणि प्रथिनांचा टक्का आपोआप वर जातो. माल्टवाल्याच्या दृष्टीने एका रोगाने दोन आकडे बिघडवले. इथे या औषधाला पूर्ण गुण.

भुरीबद्दल मी काही बोलणार नाही. माझ्या वाणात एमएलओ नावाची प्रतिकारशक्ती आहे. तिचा पहिला नमुना 1942 मध्ये जर्मनीत क्ष-किरणांच्या प्रयोगात सापडला होता आणि ती अजून टिकून आहे. माझ्या शेतात भुरी आलीच नाही, तिचं श्रेय मी डब्याला कसं देऊ?

काणीबद्दल मात्र बोलायला हवं. या औषधाला एक तारा देणाऱ्या कितीतरी जणांची तक्रार एकच, "दोनदा फवारलं तरी काळ्या ओंब्या आल्या." अहो, उघडी काणी फवारणीने जातच नाही. ती बियाण्याच्या गर्भात झोपलेली असते. मागच्या वर्षी फुलोऱ्यात बीजाणू उडून दाण्यात शिरलेले असतात, दाणा दिसायला ठणठणीत, आणि पुढच्या वर्षी ओंबी निसवते ती दाण्यांऐवजी काळी पूड घेऊनच. तिच्यावर इलाज पेरणीआधी, आंतरप्रवाही औषधाच्या बीजप्रक्रियेने, किंवा बियाणंच तपासलेलं आणून. औषधाचा एक तारा कापायचा तर निदान त्याच्या हद्दीतल्या गुन्ह्यासाठी कापा.

रामुलारिया हा पानावर ठिपके पाडणारा बुरशीचा रोग मात्र त्याच्या हद्दीत येतो, आणि तिथे मी अर्धा तारा कापला. निसवून झाल्यावर, पीक हिरवंगार दिसत असताना, वरच्या पानांवर बारीक लालसर तपकिरी ठिपके यायला लागले. आठवड्यात पानं संपली. आधी वाटलं उन्हाने भाजलं. मग भिंग काढलं. ठिपका शिरांच्या मध्ये अडकलेला, म्हणून चौकोनी. भोवती पिवळी कडा. पान उलटं केलं तर तोच ठिपका आरपार. आणि पानाच्या खालच्या अंगाला, दहापट भिंगातून, पांढऱ्या ठिणग्यांसारखे बारीक झुबके ओळीत उभे. त्यांच्या दांड्या हंसाच्या मानेसारख्या वाकलेल्या असतात, म्हणून बुरशीच्या शास्त्रीय नावातच कोलो-सिग्नी, हंसाची मान. तेवढं वाकणं मला भिंगातून दिसलं नाही, त्याला सूक्ष्मदर्शक लागतो. पण झुबके दिसले आणि भाजल्याच्या डागांवर झुबके येत नाहीत.

रामुलारियावर स्ट्रोबिल्युरिन आता चालत नाही. प्रोथिओकोनॅझोललाही बऱ्याच ठिकाणी तो दाद देत नाही. ज्यांच्याकडे क्लोरोथॅलोनिल होतं ते त्याच्यावर भिस्त ठेवायचे, पण युरोपीय संघाने 2019 मध्ये त्याची परवानगी पुढे चालू ठेवली नाही, आणि तिकडचे लोक आता फोल्पेटसारख्या अनेक जागी घाव घालणाऱ्या औषधावर आलेत. माझ्या डब्याच्या लेबलवर रामुलारियाचं नाव आहे. "काही प्रमाणात नियंत्रण" असा शब्दप्रयोग आहे. काही प्रमाण म्हणजे किती, ते माझ्या वरच्या पानांनी सांगितलं.

उरलेला अर्धा तारा ओंबीचा. इथे पुन्हा पहिल्या हंगामात जावं लागेल.

त्या वर्षी पावसाने दुसरी फवारणी हुकली आणि डबा उरला. ओंब्या बाहेर पडल्या तेव्हा झड लागलेली. औषध विकणारे गृहस्थ म्हणाले, "साहेब, उरलंय ना, ओंबीवर एक हात मारून घ्या, फ्युसॅरियमची काळजी मिटेल." मी निम्म्या शेतावर मारलं. टाकी तेवढ्यालाच पुरली. लेबलवर बारीक अक्षरात टप्प्याची मर्यादा छापलेली होती. ती मी नंतर वाचली.

दोन्ही निम्म्यांचा माल वेगळा नेला. न मारलेला निम्मा डॉनच्या चाचणीत कसाबसा पार झाला. मारलेला नापास. माल्टच्या खरेदीत डॉन दशलक्षात एक भाग किंवा त्याहून कमी अशा मर्यादेत मोजतात, तिथे थोडंसं जास्त म्हणजे पूर्ण जास्त. सगळा दोष डब्यावर टाकणार नाही. नापास झालेल्या बाजूला आदल्या हंगामात मका होता, त्याची धाटं वर पडलेली होती, आणि फ्युसॅरियमला मक्याच्या धाटांसारखं घर नाही. पण चाचण्यांमधून हेही दिसलेलं आहे की ओंबी निसवल्यावर स्ट्रोबिल्युरिन गटातलं औषध मारलं तर डॉन कमी होण्याऐवजी वाढू शकतं. ओंब्यांवरचा डाग कमी दिसतो, विष जास्त निघतं. दिसण्यावर विसंबणाऱ्याला याहून वाईट फसवणूक नाही. तीही मी पैसे मोजून स्वतःच्या हाताने करून घेतली.

आणि माल्टवाल्याला या विषाचं एवढं वावडं का? दाणा तो भिजवतो, पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास ओल देतो आणि चार-पाच दिवस मोड येऊ देतो. बुरशीला आणखी काय हवं? भिजवण्याच्या पाण्यात थोडं विष धुऊन जातं, पण जिवंत बुरशी मोड येताना पुन्हा नवीन तयार करते, आणि भट्टीच्या उष्णतेने डॉन मोडत नाही. शिवाय फ्युसॅरियमची काही प्रथिनं बिअरपर्यंत पोहोचतात आणि बाटली उघडल्याबरोबर फेसाचा फवारा उडतो. खरेदी करताना त्याने मुठीतल्या दाण्यांत दोन गुलाबी दाणे बघितले तरी त्याचा चेहरा का बदलतो, ते मला त्यानंतर कळलं.

दुसऱ्या हंगामात ओंबीसाठी वेगळं औषध घेतलं, नुसत्या ट्रायझोल गटातलं, म्हणजे स्ट्रोबिल्युरिन नसलेलं, मेटकोनॅझोल. वेळेबद्दल इथेही गव्हाची सवय सोडावी लागते. गहू फुलोऱ्यात आल्यावर मारतात. बार्ली बहुतेक पोटरीतच फुलून घेते, त्यामुळे परागकोश बघत बसलात तर काहीच दिसणार नाही. मुख्य धाटांच्या ओंब्या पुऱ्या बाहेर आल्या की मारायचं, फार तर पुढच्या काही दिवसांत. आणि मारूनही डॉन अर्ध्यावर आला तरी नशीब म्हणायचं. मका टाळणं आणि वाण निवडणं हे त्याच्या आधीचं काम आहे.

फवारा बसतो कुठे, हेही याच वेळी कळलं. पाण्याने रंग बदलणारा पिवळा कागद मिळतो, थेंब पडला की निळा होतो. तो ओंबीच्या उंचीच्या काठीला गुंडाळून पिकात उभा केला. नेहमीच्या सरळ खाली मारणाऱ्या नोझलने फवारलं आणि कागद सोडवला. एका अंगाला निळे ठिपके दाट, माथ्यावर तर गिचमीड, आणि मागचं अंग जवळजवळ कोरं पिवळं. ओंबी उभी असते, पानासारखी पसरलेली नसते. मग पुढे-मागे तिरपा दुहेरी पंखा मारणारी नोझलं लावली, दांडी खाली आणली, वेग कमी केला. दुसऱ्या कागदाला दोन्ही अंगांना ठिपके आले, मागच्या बाजूला थोडे विरळ. ते दोन्ही कागद मी गोदामाच्या दारावर चिकटवलेत. औषधांची माहिती द्यायला जो कोणी येतो त्याला आधी ते दाखवतो.

मग घ्यावं की नाही? जाळीचा करपा, स्काल्ड, तांबेरा यांच्यासाठी पहिल्या दोन फवारण्यांना खुशाल घ्या, मीही पुढच्या हंगामासाठी तेवढंच मागवलंय. फवारायच्या आधी तुमच्या माल्टवाल्याची मान्य औषधांची यादी मात्र मागून घ्या. दुकानात मिळतं ते सगळं त्याला चालतं असं नाही, आणि शेवटची फवारणी ते कापणी यांतले लेबलवरचे दिवस तो खरोखर मोजतो. रामुलारियाचा त्रास असेल तर नुसत्या या डब्याच्या भरवशावर राहू नका.

आणि डबा उरलाच तर झाकण घट्ट लावून कुलपात ठेवा. ओंब्या निसवत असताना कोणी "उरलंय ना" म्हणालं, तर किल्ली सापडत नाही म्हणून सांगा.